सोळा वर्षं चालवलेलं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर विकावं का?

विश्रामबागवाला

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो.

2009 साली सांगलीत एका खोलीत पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पहिली संस्था तासगावची. रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट वहीत रकमा लिहून आणायचे, क्लार्क त्या एकेक करून खात्यावर चढवायचा, आणि जमा जुळेपर्यंत रात्रीचे नऊ वाजायचे. ते काम अर्ध्या तासावर आलं. एका सेक्रेटरीने दुसऱ्याला सांगितलं, असं करत आज 140 संस्था आहेत. बाहेरचा एक रुपया घेतला नाही. अकरा माणसं, वर्षाला 1 कोटी 70 लाख, त्यातले बहुतेक एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे.

एका मोठ्या कंपनीने साडेसहा कोटी देऊ केलेत. चार कोटी सहीच्या दिवशी. उरलेले अडीच दोन वर्षांनी, मी तोवर त्यांच्याकडे नोकरीत असलो आणि 90 टक्के संस्था टिकल्या तर. पुढे पाच वर्षं या धंद्यात यायचं नाही.

यंदा 31 मार्चला वडील मिरजेत आयसीयूत होते. व्याज आकारणी आणि एनपीएची (थकलेल्या कर्जांची) तरतूद हे दोन भाग अजून मला एकट्यालाच नीट कळतात. बाहेरच्या बाकड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन पहाटे चारपर्यंत संस्थांची वर्षअखेर करून देत होतो. आत वडील सिस्टरला विचारत होते, पोरगं कुठाय. आता ते घरी आहेत, चांगले आहेत. पण तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

म्हणून विकावंसं वाटतं. पण दीड वर्षात सगळ्या संस्था त्यांच्या सॉफ्टवेअरवर नेणार आहेत, आणि त्यात ठेवपावती मराठीत छापता येत नाही. मी स्वतः बघितलं. शिवाय 2010 पासून सपोर्टला बसणाऱ्या आमच्या ताई. कॅशियर फोनवर 'जुळंना झालंय' एवढंच म्हणाला तरी चूक कुठल्या रजिस्टरात आहे ते त्यांना कळतं. प्रस्तावात त्यांचा उल्लेखही नाही.

पुण्याचा सीए

आकडा नंतर बघू. आधी विचारा, ते शेअर घेतायत की नुसता कोड आणि ग्राहकांचे करार? शेअर विकलेत तर पैसे तुमच्या हातात येतात. अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेले असतील तर 23 जुलै 2024 पासून नफ्यावर 12.5 टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईची वजावट) नाही, वर अधिभार आणि उपकर. कोड विकलात तर पैसे कंपनीत जातात. तिथे कर भरायचा आणि लाभांश काढताना तुमच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा भरायचा.

ते अडीच कोटी नोकरीला बांधू देऊ नका. राहिलात तरच मिळणार असं असेल तर आयकर खातं त्याला पगार म्हणू शकतं. संस्था टिकण्याची अट पुरे.

पाच वर्षांच्या बंदीबद्दल. करार कायदा 1872 च्या कलम 27 ने धंदाबंदीचे करार रद्दबातल ठरतात हे खरं, पण गुडविल (धंद्याचं नाव आणि बसलेला जम) विकणाऱ्यासाठी तिथेच अपवाद आहे. पुढे कोर्टात बघू, या भरवशावर सही नको. कुठला धंदा आणि कुठल्या भागात, ते आत्ताच नेमकं लिहून घ्या.

सातारा, पतसंस्था व्यवस्थापक

मी काउंटरच्या पलीकडचा. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने धंदा विकला ते आम्हाला पत्राने कळलं. नव्या सिस्टीमवर शिल्लक आली, पण व्याजदर कधी बदलले त्याचा इतिहास आला नाही. मुदत ठेवीचे हिशेब आम्ही तीन महिने हाताने केले. एक आजी नातवाच्या फीसाठी ठेव मोडायला आल्या, त्यांना दोनदा परत पाठवावं लागलं. दादा, किमान एक 31 मार्च दोन्ही सिस्टीम सोबत चालल्या पाहिजेत, आणि ऑडिटरने ताळेबंद जुळवल्याशिवाय जुनी बंद करायची नाही. हे करारात घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस वर्षभरात बदलतो.

बर्लिनमधला कोल्हापूरकर

इथलं वंडरलिस्ट, कामांच्या याद्या करायचं ॲप, 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. 2019 मध्ये संस्थापक क्रिस्तियान रेबर यांनी ते परत विकत मागितलं, अगदी जाहीरपणे. मिळालं नाही. मे 2020 मध्ये ते बंद झालं. सही झाल्यावर तुमचा शब्द चालणार नाही हे धरूनच अटी घाला.

आणि ताईंचं. ईमेल मार्केटिंगवाली मेलचिंपही बाहेरचा पैसा न घेता वाढलेली कंपनी. 2021 मध्ये इंट्युइटने सुमारे 12 अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा कर्मचाऱ्यांकडे शेअर नव्हते आणि त्यावरून बरीच नाराजी झाली. ताईंना काय द्यायचं ते सहीच्या आधी कागदावर आणा.

विश्रामबागवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यवहार शेअरचाच आहे, विचारून घेतलं. काल ताईंना समोर बसवून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, मार्चला फोन कुणी घ्यायचा?"

आज उलटं पत्र पाठवलं. एक 31 मार्च दोन्ही सिस्टीमवर, ऑडिटरच्या सहीनंतरच जुनी बंद. मराठी ठेवपावती आधी, स्थलांतर नंतर. नोकरीची अट काढा. आणि चार कोटींतले चाळीस लाख ताईंसह दहाही जणांना, कुणाला किती ते मी ठरवणार. पहिल्या दोन अटी मानल्या नाहीत तर मी विकणार नाही, हे बायकोशी बोलून ठरलंय.

दुपारी दोन पोरांना घेऊन व्याज आकारणीचा कोड पहिल्या ओळीपासून समजावायला बसलो. विक्री होवो न होवो, हे करायलाच हवं होतं. आज रिड्युसिंग बॅलन्सपर्यंत, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजापर्यंत आलो. उद्या एनपीए.