सेप्सिस: प्रतिकारशक्ती दाबायची की उभी करायची?

आयसीयूवाली मेघना:
सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेला बेताल, अवयव निकामी करणारा प्रतिसाद) म्हणजे 'सायटोकाइनचं', म्हणजे दाह पेटवणाऱ्या रेणूंचं, 'वादळ', ते शमवा, एवढंच अजून शिकवलं जातं. हे अर्धवट आहे आणि पेशंटच्या जिवावर बेततं. सेंट लुईसच्या डॉक्टरांनी सेप्सिसने गेलेल्यांच्या प्लीहा मृत्यूनंतर लगेच तपासल्या (२०११). तिथल्या पेशींना कितीही डिवचलं तरी सायटोकाइन जेमतेम सुटत होते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी पार थकलेल्या. आयसीयूत दहा दिवस काढलेल्या पेशंटच्या ओठावर हर्पिसचे फोड येतात, लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) खाली बसलेले असतात, रक्तात कँडिडा ही बुरशी उगवते. हे कसलं वादळ? मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन मोजा; पडलं असेल तर प्रतिकारशक्ती दबलेली आहे, तिला उभारी देणारं इंटरफेरॉन गॅमा किंवा इंटरल्यूकिन-७ द्या.

तालुका फिजिशियन:
मॅडम, लिम्फोसाइट वाढले म्हणजे पेशंट वाचला असं नाही. इंटरल्यूकिन-७ ची २०१८ ची चाचणी २७ जणांची. लिम्फोसाइट तिप्पट-चौपट झाले, पण मृत्यू घटतात का, हे एवढ्यावरून कळणारच नाही. झायग्रिस या सेप्सिसवरच्या औषधाला २००१ मध्ये एका चाचणीवर मान्यता मिळाली. दहा वर्षं ते महागडं औषध रक्तस्रावाची जोखीम घेऊन दिलं, आणि २०११ मध्ये नव्या चाचणीत उपयोग दिसेना म्हणून कंपनीने परत घेतलं. आमच्याकडे रक्तातल्या लॅक्टेटच्या साध्या तपासणीची मारामार, एचएलए-डीआर मोजायचं यंत्र, फ्लो सायटोमीटर, कुठून आणू? कल्चर घ्या, तासाभरात अँटिबायोटिक सुरू करा, पू असेल तर काढा. माणसं त्याने वाचतात.

आयसीयूवाली मेघना:
ते करायचंच, त्यावर वाद नाही. पण झायग्रिस काय किंवा नव्वदच्या दशकातली टीएनएफ या सायटोकाइनला अडवणारी औषधं काय, कोणाची प्रतिकारशक्ती कुठल्या अवस्थेत आहे हे न बघताच दिली. कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड ऑक्सिजनवरच्यांना लागू पडलं, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना नाही. औषध तेच, पेशंट निवडल्यावर फरक दिसला.

सूक्ष्मजीवशास्त्र, पुणे:
दोघंही 'आधी दाह, मग थकवा' असं धरून चालला आहात. एकाच पेशंटमध्ये दोन्ही एकदम चालू असतात. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) खवळलेले असताना इंटरफेरॉन देणं म्हणजे आगीत तेल. म्हणून ग्रीसमधल्या गटाने आपल्या चाचणीत फाटे पाडले: रक्तातलं फेरिटिन (मॅक्रोफेज खवळल्याची खूण) मिलिलिटरला ४,४२० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर दाह शमवणारं अनाकिन्रा, एचएलए-डीआर पडलं असेल तर इंटरफेरॉन. डॉक्टर, फेरिटिन तर तुमच्याकडेही होतं ना?

तालुका फिजिशियन:
होतं, शहरात पाठवून. उद्यापासून बघेन. शॉक (कोसळलेला रक्तदाब) हटत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिवसाला २०० मिलिग्रॅम मीही देतो. ३,८०० जणांच्या चाचणीत मृत्यू घटले नाहीत, पण शॉक लवकर उतरला. इंटरफेरॉन मात्र चाचणीत नाव घालूनच द्या. वॉर्डात अंदाजाने दिलेलं मला मान्य नाही.