शिवराया, चांदीचे रुपये आणि एचएमटी घड्याळं: लिलावासाठी कोणती साइट? (सातारा)

शनिवार_पेठ, सातारा
घरातल्या जुन्या वस्तू विकायच्या आहेत. तांब्याच्या शिवराया (मराठेशाहीतली नाणी) दोनशेच्या आसपास, राणी छापापासून सहाव्या जॉर्जपर्यंत चांदीचे 40 रुपये आणि एचएमटीची चावीची सहा घड्याळं. सराफ रुपये चांदीच्या भावाने मागतोय आणि शिवराया किलोवर. लिलावाची सगळ्यात मोठी साइट ईबे, तर सगळं तिथेच टाकावं का? की भारतातल्या लिलावगृहाकडे द्यावं? शून्य कमिशनवाली नवी अ‍ॅपसुद्धा दिसतात, त्यांचं काय?

गणपती_पेठ, सांगली
सगळा माल एका साइटवर टाकू नका. शिवराया आणि शंभर वर्षांवरचे रुपये ईबेवरून परदेशी गिऱ्हाइकाला विकताच येणार नाहीत. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाने ते देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे. देशातल्या देशात म्हणाल, तर ईबेची भारतीय साइट 14 ऑगस्ट 2018 ला बंद झाली. आज इथला विक्रेता ईबेवर बसतो तो परदेशी गिऱ्हाइकासाठीच. म्हणजे सगळ्यात मोठी साइट तुमच्या बहुतेक मालाला बंदच आहे.

शिवराया वडिलोपार्जित आहेत की शेतात, जुन्या वाड्याच्या पायात सापडल्या, हेही आधी स्पष्ट असू द्या. सापडलेल्या असतील तर 1878 च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, विक्रीचा विचार त्यानंतर.

नाण्यांसाठी तोडीवाला, मरुधर, क्लासिकल न्यूमिस्मॅटिक यांच्यासारखी लिलावगृहं बघा. कॅटलॉग आधी निघतो आणि बोली सभागृहात व ऑनलाइन एकदमच चालते. माल देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: विक्रेत्याचं कमिशन, न विकलेल्या लॉटचं (एका बोलीत जाणाऱ्या मालाचं) शुल्क, राखीव किंमत (जिच्याखाली माल द्यायचा नाही ती) आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार.

वारणाकाठ
कमिशनचा हिशोब दोन्ही बाजूंनी करा. समजा हातोडा 10,000 वर पडला, लिलावगृह खरेदीदाराकडून 15 टक्के आणि तुमच्याकडून 10 टक्के घेतं. खरेदीदाराला 11,500 आणि वर कर पडतो. तुमचे 1,000 कमिशनचे जातात, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 180 जातात, हातात 8,820 येतात. खरेदीदाराकडचे 15 टक्के तुमच्या खिशातून जात नाहीत असं वाटतं, पण मुरलेला संग्राहक तेवढी रक्कम वजा करूनच बोली लावतो. त्यामुळे दोन लिलावगृहांची तुलना करताना दोन्ही टक्क्यांची बेरीज बघायची.

आता शून्य कमिशनवाली अ‍ॅप. सांगलीच्या हळदीच्या सौद्यांचंच बघा, कर्नाटकातला शेतकरी माल इथे का आणतो? खरेदीदार इथे आहेत म्हणून. खरेदीदार इथे का? माल इथे येतो म्हणून. ऑनलाइन लिलावाचं गणित तेच आहे, आणि नुसतं फुकट ठेवून ते मोडत नाही. अमेरिकेत याहूने 1998 मध्ये फुकट लिलाव सुरू केले, अ‍ॅमेझॉन 1999 मध्ये उतरलं. दोघांकडे पैसा होता, गिऱ्हाईक होतं, तरी बोलीवाले ईबेवरच राहिले. याहूने तिथलं दुकान 2007 मध्ये आवरलं.

पण आधी जो जम बसवतो तो जिंकतो, हेही तितकंच खरं. जपानमध्ये याहू 1999 लाच आलं, फुकट. ईबे 2000 मध्ये शुल्क लावून आलं आणि 2002 मध्ये परतलं. चीनमध्ये ईबेने चालती साइट विकत घेतली होती, तरी 2003 मध्ये आलेल्या ताओबाओ या चिनी साइटने शुल्क घेतलं नाही, विक्रेत्याशी गप्पा मारायची सोय दिली आणि माल मिळेपर्यंत पैसे मधे अडकवून ठेवायची पद्धत आणली. 2006 मध्ये ईबेने तिथला कारभार स्थानिक भागीदाराकडे सोपवला. तिथे फुकटपणाच्या जोडीला भरवसा होता, म्हणून जमलं. आपल्याकडच्या नव्या अ‍ॅपमध्ये पैसे मधे थांबवायची सोय आहे का, एवढं बघा. नसेल तर शून्य कमिशन महागात पडतं.

अ‍ॅपवर बोलीवाले किती, हे तपासायला संपलेले लिलाव उघडा. एकेका लॉटवर वेगवेगळ्या किती जणांनी बोली लावली ते मोजा. एकदोघेच दिसत असतील तर एक रुपयापासून सुरुवात अजिबात करू नका, राखीव किंमत ठेवा. स्वस्त सुरुवात फक्त गर्दीच्या बाजारात वर चढते.

शनिवार_पेठ, सातारा
शेवटच्या मिनिटाला बोली मारून माल स्वस्तात उचलतात, असं ऐकलंय. खरं आहे का?

वारणाकाठ
साइटच्या नियमावर आहे. ईबेवर वेळ संपली की लिलाव संपला, म्हणून शेवटच्या सेकंदाला बोली मारणारे तिथे फार. अ‍ॅमेझॉनच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची. विक्रेत्याला वेळ वाढणारा नियम बरा, कारण समोरच्याला उत्तर द्यायला सवड मिळते. अ‍ॅपच्या अटींमध्ये हे एक वाक्य शोधाच.

मिरज_जंक्शन
रुपये वेगळे करायला काटा आणि भिंग पुरे. वजन 11.66 ग्रॅम. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी सुमारे 91.7 टक्के, म्हणजे 10.7 ग्रॅम. 1940 पासून 1945 पर्यंत निम्मी, 5.83 ग्रॅम. सराफ दोन्हींना एकच भाव लावत असेल तर चांगल्या रुपयांत तुमचं नुकसान आहे. 1947 चा निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो.

हे रुपये ढिगात देऊ नका: 1911 चा पंचम जॉर्ज (झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक त्याला डुकराचा रुपया म्हणतात) आणि 1939 चा. 1939 च्या नकला खूप आहेत, तो जाणकाराला दाखवल्याशिवाय यादीत लिहू नका. 1862 चा रुपया त्याच सालाने 1874 पर्यंत पाडत राहिले, मागच्या बाजूचे ठिपके मोजून प्रकार ठरतो. तिथला फोटो स्पष्ट हवा.

शिवरायांत दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) सगळ्यात जास्त निघतील, त्या 20-25 च्या लॉटने द्या. "श्री राजा शिव" आणि "छत्र पति" ही अक्षरं पूर्ण उतरलेली, जाड, जुनी नाणी बाजूला काढून एकेक द्या.

आणि कृपा करून काहीही घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नको. तांब्याचा काळपट थर गेला की संग्राहक हात लावत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकटच घ्या.

गणपती_पेठ, सांगली
घड्याळांसाठी मात्र ईबेच. पुरावस्तूचा प्रश्न नाही आणि चावीचं असल्याने बॅटरी पाठवण्याची कटकटही नाही. डीजीएफटीकडून (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढा, शुल्क 500 रुपये, मग टपालाने निर्यात करता येते. तबकडी मूळची आहे की पुन्हा रंगवलेली, ते खरं खरं लिहा. रंगवलेल्या तबकड्यांच्या भारतीय घड्याळांमुळे परदेशी गिऱ्हाईक आधीच सावध आहे. मागचं झाकण उघडून यंत्राचा फोटो टाकला तर शंका उरत नाही आणि परतावाही टळतो.

मिरज_जंक्शन
फसवणुकीचं राहिलंच. "तुमच्या नाण्याला पाच लाख मिळतील, रिझर्व्ह बँकेची फी भरा" असा फोन आला की ठेवून द्या. बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की अशा व्यवहारात ती कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, कुणी क्यूआर स्कॅन करायला सांगितलं तरीही.

शनिवार_पेठ, सातारा
सगळ्यांचे आभार. फोटो मोबाइलने काढले तर चालतील?

मिरज_जंक्शन
चालतील. फ्लॅश बंद ठेवा, सकाळी खिडकीजवळ करड्या कागदावर नाणं ठेवून दोन्ही बाजू आणि कड टिपा. चांदी चमकून अक्षरं पुसट दिसली तर नाणं थोडं फिरवून पुन्हा काढा. वजन काट्यावर 0.01 ग्रॅमपर्यंत दिसू द्या, काट्यावरचा आकडा फोटोतच घ्या. म्हणजे नाणं खोटं आहे म्हणून परत करणाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे पुरावा राहतो.