निकाहनामा, मेहर, इद्दत, फतवा : हे शब्द नीट समजून घ्यायचे आहेत, मदत हवी आहे

रानजाई :
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात एका तालुक्याच्या विधी सेवा समितीत मी नुकतीच विधी स्वयंसेवक म्हणून काम सुरू केलं आहे. आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, कागद बघायचे, अर्ज लिहायला मदत करायची आणि योग्य वकिलाशी गाठ घालून द्यायची, असं कामाचं स्वरूप.

परवा एक मुस्लिम ताई आल्या. नाव-गाव अर्थातच लिहीत नाही. नवऱ्याने स्टँप पेपरवर तलाकनामा करून पोस्टाने पाठवला आहे. सासरचे म्हणतात, 'मुफ्तीसाहेबांचा फतवा आणलाय, आता सगळं संपलं, इद्दतीत बस.' माहेरी भाऊ म्हणतो, घर अब्बांनी मला हिबा केलंय, तुझा इथे हिस्सा नाही. त्यांच्या निकाहनाम्यावर मेहरसमोर 'निस्फ मुअज्जल, निस्फ मुवज्जल' असं लिहिलंय. 'म्हणजे काय हो?' असं त्यांनी मलाच विचारलं, आणि मला सांगता येईना.

माहितीच्या पानांवर एकेका ओळीचे अर्थ मिळतात, पण त्या शब्दाने त्या बाईच्या हातात काय येतं आणि काय जातं, ते कळत नाही. मला तेच हवं आहे. दुःखात असलेल्या बाईला आपल्याच घरातले शब्द आम्हाला शिकवत बसावं लागू नये, एवढीच इच्छा. वादविवाद नको, माहिती द्या.

दाभोळखाडी :
रानजाई ताई, चांगला धागा. मी इथलाच, आमच्या जमातीचं निकाहाचं दफ्तर बरीच वर्षं सांभाळतो, म्हणून निकाहनाम्यापासून सुरुवात करतो.

आमच्यात निकाह हा करार आहे. एका बाजूने 'इजाब' म्हणजे प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने 'कबूल', दोन गवाह म्हणजे साक्षीदार, आणि मेहर. नवरीच्या वतीने बोलणारा तो वकील. त्याचा काळ्या कोटाशी संबंध नाही. 'वली' म्हणजे नवरीचा पालक, बहुधा बाप. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफई मजहबात मुलगी सज्ञान असली तरी वलीशिवाय निकाह होत नाही, हनफींमध्ये सज्ञान मुलगी स्वतः करू शकते. मजहब म्हणजे इथे धर्म नव्हे, फिकहची परंपरा. आणि फिकह म्हणजे कुराण-हदीसवरून विद्वानांनी बसवलेलं नियमशास्त्र. त्यामुळे कोणी 'इस्लाममध्ये असंच आहे' असं ठासून सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या मजहबात?

आता मेहर. याला हुंडा समजू नका, हुंड्याच्या अगदी उलट. नवऱ्याने बायकोला द्यायची ही रक्कम, आणि ती फक्त तिची, बापाचीही नाही. निस्फ म्हणजे निम्मा. मुअज्जल म्हणजे नगद मेहर, बायको मागेल तेव्हा द्यायचा. मुवज्जल म्हणजे उधार मेहर, तलाक झाला किंवा नवरा वारला की द्यायचा. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात, लिहिणाऱ्यांचीही गल्लत होते. उर्दू प्रत असेल तर तीच धरा: नगदच्या शब्दात मीमनंतर ऐन असतो, उधारच्या शब्दात वाव. शेजारच्या रकान्यात 'अदा' लिहिलंय का तेही बघा. अदा म्हणजे दिला. काही घरांत निकाहाच्या दिवशी घातलेले दागिने मेहरमध्ये धरतात, ते लिहिलेलं असेल तरच माना.

कोर्टकचेरी :
वकील आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करते. वरच्या प्रतिसादाला जोड : मेहर हे कर्ज आहे. नवरा वारला तर वारसांना वाटणी करण्याआधी त्याच्या मालमत्तेतून विधवेचा मेहर द्यावा लागतो. मुदत लक्षात ठेवा. नगद मेहर मागून नाकारला तर तिथून ३ वर्षं, उधार मेहर तलाक किंवा मृत्यूपासून ३ वर्षं.

आता तलाकनामा. तो शब्दशः वाचा, सगळं त्यावर अवलंबून आहे. एकदाच तलाक म्हणून इद्दत (म्हणजे बायकोने दुसरं लग्न न करता थांबायची ठरावीक मुदत) संपेपर्यंत वेगळं राहायचं, याला तलाक-ए-अहसन म्हणतात. तीन वेगवेगळ्या पाळ्यांनंतरच्या शुद्धीच्या काळात एकेकदा म्हणायचा तो हसन. अहसनमध्ये इद्दत संपेपर्यंत आणि हसनमध्ये तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत नवरा बायकोला परत घेऊ शकतो, त्याला 'रुजू' म्हणतात. आणि एका दमात तीनदा म्हटलं किंवा 'कायमचा तलाक दिला' असं लिहून मोकळा झाला, तर तो तलाक-ए-बिद्दत. सर्वोच्च न्यायालयाने तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो तोंडी, लेखी, मोबाइलवर, कसाही दिला तरी निरर्थक आहे आणि नवऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे तुमच्या ताईंच्या कागदावर तीनदा लिहिलं असेल तर कायद्याने त्या आजही पत्नी आहेत. तलाकच नाही तर इद्दत कसली? नवऱ्याला तुरुंगात घालायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा, पुष्कळ बायकांना ते नको असतं. त्याच कायद्यात स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाह भत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा मागायची तरतूद आहे, तीही सांगा.

एकदाच लिहिलं असेल तरी नुसता कागद पुरत नाही. कुराणातल्या सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमून समेट करून बघा असं सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शमीम आरा प्रकरणात हाच धागा धरला: योग्य कारण हवं, आधी समेटाचा प्रयत्न हवा. आपल्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानेही त्याच वर्षी दगडू पठाण प्रकरणात तेच म्हटलं, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी नवऱ्यावर टाकली. मध्यस्थ बसले होते का, कधी, कोण, हे ताईंना विचारून लिहून घ्या.

रानजाई :
फार उपयोगी पडतंय. एक विचारते. त्या मध्येच म्हणाल्या, 'त्यांनी मला खुला घ्यायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं.' खुला आणि तलाक यात त्यांच्या दृष्टीने काय फरक?

कोर्टकचेरी :
मोठा फरक. खुला बायकोने मागायचा, आणि बहुतेक वेळा त्या बदल्यात ती मेहर सोडते. म्हणूनच काही सासरची माणसं तलाक न देता बाईवर खुला मागायचा दबाव आणतात. त्यांनी नकार दिला ते बरं झालं. हा दबाव अर्जात जरूर लिहा. दोघांनाही नको असेल तर 'मुबारात'. आणि नवरा सोडतही नाही, नांदवतही नाही, अशा वेळी 'फस्ख', म्हणजे न्यायालयाकडून विवाह मोडून घेणं. त्यासाठी १९३९ चा कायदा आहे: २ वर्षं पोसलं नाही, ४ वर्षं ठावठिकाणा नाही, क्रूरता, अशी कारणं त्यात दिली आहेत.

पोटगीबद्दल जुनी समजूत अजून फिरते, की इद्दत संपली की पोटगी संपली. तसं नाही. २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात ठरलं की तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती पुढच्या आयुष्याला पुरेल अशी. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही मागता येते हे पुन्हा स्पष्ट केलं. ते कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे.

अबोली :
इद्दतीबद्दल मी लिहिते, मी स्वतः नवऱ्यामागे बसले आहे. विधवेची ४ महिने १० दिवस, तलाक झालेलीची साधारण तीन पाळ्यांची, गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. या काळात दुसरं लग्न नाही, नटणं नाही, बाहेर जाणं गरजेपुरतं. लोक याला कोंडून ठेवणं समजतात, काही घरी तसं करतातही. पण औषधपाणी, सरकारी काम, पोट भरायची नोकरी यासाठी बाहेर पडायला मुभा आहे. मला पेन्शनच्या कागदांसाठी जायचं होतं तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, 'जा गं, ती पण जरूरतच आहे.' बुरखा घालून दिराबरोबर गेले, सही केली, परत आले. तुमच्याकडे कोणी इद्दतीतली बाई आली नाही तर 'तिला रस नाही' असा शेरा मारू नका. घरी जाऊन भेटा, बरोबर बाई स्वयंसेवक न्या. आणि शुक्रवारी दुपारी जुम्माच्या वेळेला बैठक ठेवू नका, घरातला पुरुष येऊ शकत नाही.

दाभोळखाडी :
अबोली ताईंचं म्हणणं अगदी खरं.

फतव्याचं सांगतो. मुफ्ती म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर शरियतप्रमाणे मत देणारा विद्वान, फतवा म्हणजे ते मत. जसा प्रश्न तसं उत्तर. नवऱ्याने स्वतःची बाजू लिहून विचारलं तर फतवा तेवढ्यावरच. म्हणून फतव्याबरोबर 'इस्तिफ्ता', म्हणजे विचारलेला प्रश्न, मागून घ्या. तो वाचला की बरंच उलगडतं. काझी वेगळा, तो निकाह लावतो, दफ्तर ठेवतो.

कोर्टकचेरी :
२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कोणावर लादता येत नाही. आणि १८८० चा काझी कायदाच म्हणतो की नेमणुकीमुळे काझीला न्यायाधीशाचे अधिकार मिळत नाहीत.

हिबा म्हणजे हयातीत दिलेलं बक्षीस. तोंडीही चालतं, मुस्लिमांच्या बाबतीत नोंदणी सक्तीची नाही, पण तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि प्रत्यक्ष ताबा. भावाला विचारा, ताबा कधी दिला, घरपट्टी कोणाच्या नावाने भरली जाते, वीजबिल कोणाचं. अब्बा शेवटच्या आजारात असताना दिलं असेल तर त्याला 'मर्ज-उल-मौत' म्हणतात. तेव्हा वारसाला दिलेला हिबा बाकी वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही. वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, तेही एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच, आणि वारसाच्या नावे असेल तर इतरांची संमती हवी. हिबा सिद्ध झाला नाही तर विरासत, म्हणजे अब्बांच्या मागे वारसांत वाटणी : भावाला दोन वाटे, बहिणीला एक. आई हयात असेल तर तिचा आठवा हिस्सा आधी काढा.

साष्टीकर :
थोडं बाजूचं, पण सावंतवाडी-बांद्याकडच्या घरांत सोयरीक गोव्याची असते म्हणून लिहितो. १९३७ चा शरियत कायदा गोव्याला लागू नाही. तिथे मुसलमानांनाही पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू आहे, आणि लग्नाची सरकारी नोंद व्हावी लागते. लग्न गोव्यात नोंदलं असेल तर वरचे बरेचसे नियम जसेच्या तसे लावू नका, तिथल्या वकिलाला विचारा.

रानजाई :
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंना फोन करून तलाकनामा वाचून घेतला. तीनदाच लिहिलंय, एकाखाली एक. मध्यस्थ कोणी बसले नव्हते. मेहरच्या शेजारी 'अदा' नाही. घरपट्टी अजून अब्बांच्याच नावाने येते. हे ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, 'म्हणजे मी पोरांना घेऊन कचेरीत येऊ शकते ना?' मंगळवारी येणार आहेत. येताना काय काय आणायला सांगू?

कोर्टकचेरी :
निकाहनामा, तलाकनामा ज्या पाकिटातून आला ते पाकीट टपालाच्या शिक्क्यासकट, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, नवऱ्याच्या कमाईचा काही पुरावा असेल तर तो, आणि घरपट्टीच्या पावत्या. सगळ्याच्या झेरॉक्स काढा. मूळ कागद ताईंकडेच राहू देत, भावाकडे ठेवायला देऊ नका.