घरचं मशीन, हाताला काम आणि 'वॉरंटी बसत नाही' : तुमचे अनुभव लिहा

काल बेळगावच्या शहापूरला मावशीकडं फ्रिजच्या दुरुस्तीला पोरगा आला. दार उघडून कुंद्याच्या मिठाईचे डबे बघितले आणि पहिला प्रश्न, "विकता काय?" मावशीचा चेहराच उतरला. मला आईचा मिक्सर आठवला. आई चटण्या, मेतकूट करून द्यायची. वॉरंटीत असताना मोटार जळली. सर्व्हिसवाल्यानं कपलरच्या खाचेत बसलेली मिरचीपूड नखानं काढली, हुंगली आणि कागदावर 'कमर्शियल वापर' लिहून मिक्सर परत दिला. त्या चटणीवर आमच्या शाळेच्या फिया भरल्यात. घरात बसून चटणी करणारी बाई आणि हॉटेल एकाच मापात कसं मोजतात? मला ते आजही पटत नाही. तुमच्याकडं काय झालं?

वडगावची सून
आमची घरघंटी! सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे साठवून घेतलेली. विकताना "ताई, गल्लीतलं दळण घ्या, मशीन फुकटात पडतंय" म्हणाला. बेल्ट-मोटार गेल्यावर तोच म्हणतोय, घरच्या दळणापुरतीच वॉरंटी. आधी बोललेलं बिलावर थोडंच असतंय? लई राग आला.

टिळकवाडी
शिलाई मशीन नीट करणारं कोण आहे काय जवळपास? पिको करताना दोरा तुटायलाय.

हत्यारपेटी
मी दुरुस्तीच करतो, म्हणून लिहितोय. घरगुती मिक्सर 5 मिनिटं फिरवून 2 मिनिटं थांबवायचा, असा बनवलेला असतोय. डाळ लागोपाठ वाटली की वाइंडिंग तापतंय. खालचं लाल बटण उडतंय ते त्यासाठीच. दाबून लगेच परत चालू करू नका. आम्हालाही नाही म्हणताना जड जातंय, पण फोटो वर कंपनीला पाठवावा लागतोय. एक करा, नकाराचं कारण जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, लिहून मागा. तोंडी 'नाही' घेऊन घरी जाऊ नका.

निपाणीकर
माझं त्रांगडं वेगळंच. वॉशिंग मशीन कोल्हापुरातनं घेतलं. खाली दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, पोरांचे कपडे त्यातच. सर्व्हिसवाले म्हणतात लॉजचा वापर. वर कोल्हापूरवाले बेळगावला बोट दाखवतात, बेळगाववाले कोल्हापूरला. आम्ही सीमेवरच्यांनी जायचं कुठं?

खानापूर, वकिलीत आहे
@निपाणीकर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षं.

व्यापारासाठी वस्तू घेणारा माणूस 'ग्राहक' ठरत नाही, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू व्यापारात धरत नाहीत, हे कायद्यातच लिहिलंय. 1995 ला सुप्रीम कोर्टानं लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सांगितलंय की एक-दोघं मदतीला घेतली तरी हक्क जात नाही. वडगावच्या ताई, तुमची घरघंटी यात बसते. फक्त एवढं लक्षात घ्या : ग्राहक ठरलात म्हणजे दाद मागता येते, वॉरंटी कार्डावरची 'घरगुती वापर' ही अट आपोआप उडत नाही. विकताना काय सांगितलं याचा मेसेज, जाहिरातीचा कागद काही असेल तर जपा. भाड्याच्या खोल्यांचं प्रकरण जास्त अवघड, खोटी आशा देत नाही.

वडगावची सून
व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आहे! "दळणातनं कमवा" असंच लिहिलंय!! दूध वर आलं, नंतर बोलते

खानापूर, वकिलीत आहे
मेसेज पुसू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीतनं बोलता येतं.

हत्यारपेटी
@टिळकवाडी सुई बदलून बघा आधी. दोऱ्याच्या मानानं बारीक असंल.

टिळकवाडी
बदलली, आता नीट चाललंय. देव भलं करो.

निपाणीकर
अवघड असलं तरी लावतोच फोन. बिल मात्र पुसट झालंय, चालंल काय?

खानापूर, वकिलीत आहे
आजच झेरॉक्स काढा, त्या कागदावरची अक्षरं उडतात. दुकानाकडं दुसरी प्रतही मागा.