ऋषी सुनक, गोल्डमन आणि सासुरवाडीचे शेअर

शंकासुर: ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक जुलै २०२५ मध्ये पुन्हा गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेत गेले, या वेळी सल्लागार म्हणून. ते इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे जावई, म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच 'आपले जावई' म्हणत फुलं उधळणं सुरू. मला नाही पटत. अर्थमंत्री आणि पंतप्रधान झालेल्या माणसाने बँकेत परत जाणं म्हणजे सरकारी खुर्चीचं भाडं खाणं.

मुद्दलव्याज: भाडं खातंय कोण? तो पगार रिचमंड प्रोजेक्टला देणार, असं जाहीर झालंय. नवरा-बायकोनेच काढलेली संस्था, लोकांचं गणित सुधारावं म्हणून. शिवाय हा गडी खासदार व्हायच्या आधीच श्रीमंत: २००१ ते २००४ गोल्डमन, मग हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गुंतवणारी कंपनी. आपल्याकडे आधी निवडून येतात, मग श्रीमंत होतात. त्या सवयीने तुम्ही बघताय.

विलायती पुणेकर: पगाराचं सोडा. मी इथे राहतो, मला एप्रिल २०२२ आठवतो. सुनकांनी वाढवलेला नॅशनल इन्शुरन्स त्याच महिन्यात लागू झाला, १२ चा १३.२५ टक्के. माझ्या पगारातून तो कापला जात असताना बातमी आली, की त्यांच्या पत्नी अक्षता मूर्ती 'नॉन-डॉम' आहेत! म्हणजे संसार ब्रिटनमध्ये, नवरा अर्थमंत्री, पण कागदोपत्री कायमचं घर परदेशात, म्हणून इन्फोसिसचा लाभांश इथे आणला नाही तर त्यावर तेव्हा इथला कर नव्हता. त्या सवलतीपोटी वर्षाला ३०,००० पौंड भरले की काम व्हायचं. इन्फोसिसमधला त्यांचा हिस्सा ०.९ टक्क्यांच्या आसपास. करा हिशोब.

तुळशीबागवाली: कायद्यात बसत होतं ना? आणि ओरड झाल्यावर दोनच दिवसांत त्यांनी जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर भरायचं कबूल केलं. मुळात ते बाईचं माहेरचं आहे. १९८१ साली पुण्यात, आईने दिलेल्या १० हजारांवर वडिलांनी उभी केलेली कंपनी. नवरा राजकारणात गेला म्हणून स्त्रीधन चव्हाट्यावर का?

शंकासुर: बरं, मग कोरू किड्स? मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात नव्याने मुलं सांभाळायला लागणाऱ्यांना ६०० पौंड, एजन्सीमार्फत आलात तर १,२००. कोरू किड्स अशीच एक एजन्सी, आणि तिच्यात अक्षतांचे शेअर. संसदीय समितीने हितसंबंधांबद्दल विचारलं, तेव्हा पंतप्रधानांनी तिचं नाव काढलं नाही. हेही स्त्रीधनच का?

मुद्दलव्याज: अर्धीच गोष्ट सांगताय. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेच्या आयुक्तांनी चौकशी संपवली. नियम मोडला, पण अनवधानाने. हितसंबंधांच्या नोंदवहीत नोंद करणं वेगळं आणि विषय निघाला की तोंडाने सांगणं वेगळं, यात घोळ झाला. माफी मागितली, मिटलं.

विलायती पुणेकर: गोल्डमनमध्ये तयार झालेल्या माणसाचा नोंदवहीत घोळ! असो. पण पंतप्रधान पदावर असताना चौकशी झाली आणि त्याला लेखी माफी मागावी लागली, एवढं मात्र या लोकांचं मानतो.

शंकासुर: हे ग्रुपवर टाकू का?

मुद्दलव्याज: टाका की, मीही आहे त्या ग्रुपवर. आधी तुमच्या मेहुण्याला मिळालेलं रंगकामाचं कंत्राट मिनिट्समध्ये नोंदवा.