एस्टोनियाचा गायन महोत्सव आणि आपला सप्ताह: तुलना कितपत योग्य?

प्रश्न (परभणी)
एस्टोनियातील 'लाउलुपिदु' या गायन महोत्सवाविषयी वाचताना आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताहाची सारखी आठवण होत राहिली. १८६९ मध्ये तार्तू येथे सुरू झालेला हा महोत्सव आता साधारणपणे दर पाच वर्षांनी तालिन येथे भरतो. गावोगावचे हजारो हौशी गायक तेथे एकत्र उभे राहून गातात. परदेशी महोत्सवांची तुलना आपण सहसा सवाई गंधर्व किंवा वेरूळ-अजिंठा महोत्सवाशी करतो. परंतु तेथे गाणारा मंचावर आणि ऐकणारा समोर, अशी विभागणी असते. मग ही तुलना सप्ताहाशीच व्हावी काय? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (गंगाखेड)
सामूहिक गायनापुरती तुलना जुळते, गायनाच्या घडणीत मात्र ती तुटते. तेथील रचना बहुस्वरी असतात, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे गट वेगवेगळे स्वर गातात. त्या आधी जाहीर होतात, प्रत्येक गायकवृंद आपापल्या गावी सराव करतो, त्याची पारख होते आणि मगच त्याला प्रवेश मिळतो. आपल्याकडे निवड नाही की स्वरलिपी नाही, कारण हरिपाठ लहानपणापासून तोंडपाठ असतो. चाल एकच, पण लय मृदंगावर चढत जाते आणि टाळकऱ्यांची पावली तिच्याबरोबर आपोआप जलद होते. हातात काठी घेऊन खुणावणारा संचालक आपल्याकडे लागत नाही. शिवाय आपले गाणे रात्रीही थांबत नाही. पहाटे तीनच्या सुमारास पहारा बदलताना, डोळ्यांवर झोप असली तरी, वीणेकरी आपल्या गळ्यातील वीणा थेट पुढच्याच्या गळ्यात घालतो, ती खाली टेकवत नाही. एस्टोनियाच्या महोत्सवात याला तोड नाही, असे माझे मत आहे (मी वारकरी घरातला असल्याने हे मत थोडे पक्षपाती समजावे).

उत्तर (नांदेड)
एका मुद्द्याकडे दुर्लक्ष होऊ नये. एस्टोनियात हे गायन भाषेचे आणि राष्ट्राचे आहे. सोव्हिएत सत्तेच्या अखेरच्या काळात, १९८८ मध्ये, त्याच महोत्सवाच्या मैदानावर लोकांनी देशभक्तीची गाणी गायिली आणि १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. सप्ताह मात्र गावाचा असतो: वर्गणी गावाची, पंगत गावाची आणि काल्याचे कीर्तनही गावाचेच. त्यातून सगळा मराठवाडा उभा राहत नाही. खुलताबादच्या उरुसातील कव्वाली किंवा आमच्याकडील गुरुद्वाऱ्यातील शबद-कीर्तन त्यात कोठे बसवणार? अर्थात एस्टोनियातही रशियन भाषिकांची संख्या मोठी आहे, त्यामुळे हा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही.

उत्तर (अंबाजोगाई)
गाणारे कोण, हेही पाहावे. १८६९ च्या त्या पहिल्या महोत्सवात केवळ पुरुषांचेच गायकवृंद होते. पुढे मिश्र गायकवृंद आले, स्त्रियांचे आले, मुलांचे आले आणि १९६२ पासून तर युवकांचा स्वतंत्र महोत्सवच भरू लागला. आपल्याकडे हरिपाठाला बायका असतात, पारायणाला तर त्याच अधिक असतात. परंतु रात्रीच्या कीर्तनात टाळ घेऊन मागे उभी राहणारी रांग बहुतेक गावांत आजही पुरुषांचीच दिसते, आणि तीही जनाबाईच्या मुलखात! त्यात अलीकडे नामांकित कीर्तनकारांची तारीख मिळवण्यावर आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर वर्गणीचा मोठा वाटा जातो, त्यामुळे गावचे भजनी मंडळ मागे पडून नुसते ऐकत बसते. लेख लिहिणार असाल, तर तुलना अशा सप्ताहाशी न करता, जेथे गावकरी अजून स्वतः गातात, अशा एखाद्या लहान गावच्या सप्ताहाशी करावी.