शब्दचर्चा : ‘केस्कुस्ता’ला मराठीत काय म्हणायचं?

वडगावकर
फिनलंडच्या एका पक्षावर मराठीत लेख करायलोय. गाडी नावापाशीच अडलीय. १९०६ ची स्थापना, तेव्हाचं नाव ‘मालाइसलिट्टो’. १९६५ साली ते ‘केस्कुस्तापुओलुए’ झालं आणि १९८८ पासून ‘सुओमेन केस्कुस्ता’, म्हणजे फिनलंडचा केस्कुस्ता; केस्कुस्ता म्हणजे मध्य. इंग्रजीवरून केलेल्या मराठी मजकुरात पहिल्याला ‘कृषक लीग’ आणि दुसऱ्याला ‘केंद्र पक्ष’ म्हटलेलं दिसतं. ‘केंद्र’ वाचलं की आपला वाचक थेट दिल्ली गाठणार. म्हणून मी लेखभर ‘मध्यवर्ती शेतकरी पक्ष’ असं ठोकून दिलंय. नमुना:

“मध्यवर्ती शेतकरी पक्षाने १९०७ च्या निवडणुकीत २०० पैकी ९ जागा जिंकल्या.”

चालेल का?

काळी माती
नाही चालणार. आधी उच्चार बघा. फिनिश ‘त’ दंत्य आहे आणि ‘ई’ दीर्घ, म्हणून ‘लिट्टो’ नव्हे, ‘लीत्तो’. ‘ट’ इंग्रजीच्या वाटेनं येतो. मालाइसलीत्तो.

आता ‘मध्यवर्ती’. बेळगावात हा शब्द दोन ठिकाणी मुक्कामाला आहे : मध्यवर्ती बसस्थानक आणि मध्यवर्ती महाराष्ट्र एकीकरण समिती. दोन्हीकडे अर्थ एकच, शाखा ज्याला येऊन मिळतात ते. खानापूरची समिती, तालुक्याची समिती आणि त्यांच्यावर मध्यवर्ती. डाव्या-उजव्यांच्या मधला हा अर्थ त्यात कुठेच नाही. तुमचं वाक्य वाचून कोणीही विचारेल, मग जिल्हा शेतकरी पक्ष कुठला?

दुसरी चूक जास्त मोठी. १९०७ साली त्या पक्षाच्या नावात ‘मध्य’ नव्हता, आणि १९६५ नंतर खेडं नव्हतं. दोन्ही काळांचं एकच नाव करून तुम्ही बदल झाकून टाकलात. लेख तर बदलावरच आहे ना?

निपाणीकर
अण्णांचं बरोबर आहे. पण ‘मालाइसलीत्तो’ला सरळ ‘शेतकरी संघ’ म्हणा की.

रानवाट
निपाणीत बसून तुम्ही हे म्हणताय? निपाणी-कागल पट्ट्यात ‘शेतकरी संघ’ म्हणजे कोल्हापूरचा सहकारी संघ. वाचकाच्या डोळ्यांपुढे पक्षाऐवजी दुकान येईल. ‘शेतकरी संघटना’ म्हणावं तर शरद जोशी, लाल बिल्ला आणि १९८१ चं तुमच्याच गावचं तंबाखू आंदोलन. आणि मोकळा ‘संघ’ शब्द कुठे नेतो ते सांगायला नको.

निपाणीकर
व्हय ताई, तेही खरं. मग ‘रयत संघ’?

रानवाट
त्यात तर दुहेरी खड्डा आहे. ‘रयत’ मूळ अरबी, अर्थ राजाची प्रजा. घाटावरच्या मराठीत तो तसाच राहिला. रयतेचं राज्य म्हणताना सुतार, कुंभार, व्यापारी सगळेच आले. १९१९ ची रयत शिक्षण संस्था म्हणजे लोकांची शिक्षण संस्था, फक्त शेतकऱ्यांची नव्हे. कन्नडमध्ये तोच शब्द ‘रैत’ झाला आणि अर्थ आकसून नेमका शेतकरी झाला. रैत संपर्क केंद्रात बियाणं मिळतं, रैत संघवाले खांद्यावर हिरवी शाल टाकतात. आपण सीमाभागातले लोक कन्नड अर्थ मराठी उच्चारात बसवून ‘रयत संघ’ म्हणतो. आपल्यात चालतं. पण लेख साताऱ्यात वाचला गेला तर तिथला माणूस ‘प्रजासंघ’ समजेल. शिवाय खांद्यावर हिरवी शाल आणि तिकडं फिनलंड, हे चित्र काही जुळत नाही.

काळी माती
मुळात ‘मालाइस’ म्हणजे शेतकरी नव्हेच. मुळाशी ‘मा’ हा शब्द आहे. फिनिशमध्ये माती, जमीन, भुई आणि देश हे सगळं ‘मा’मध्येच बसतं. त्यावरून ‘मालाइनेन’ म्हणजे गावाकडचा माणूस. शेती करणाऱ्याला वेगळे शब्द आहेत. म्हणजे गावचा शिक्षक, सुतार, चार एकरवाला, सगळे मालाइनेन. पक्षाचा विचार ज्यानं घडवला तो सांतेरी अल्कियो गावचा दुकानदार आणि लेखक होता, हेही ध्यानात ठेवा.

शेजारच्यांचं तसं नाही. स्वीडनच्या (१९१३) आणि नॉर्वेच्या (१९२०) पक्षांच्या नावात ‘बोंदे’ होता. बोंदे म्हणजे स्वतःच्या जमिनीचा धनी. आपल्या भाषेत खातेदार, ज्याचं उताऱ्यावर नाव आहे तो. शेतमजूर त्यात येत नाही. म्हणून स्वीडन-नॉर्वेला ‘शेतकरी पक्ष’ चालेल. फिनलंडला ‘ग्रामीण’ हवं. ‘खेडूत’ नको, त्यात थोडी हेटाळणी आहे.

‘कृषक’ तर कोणी बोलत नाही. ‘कृषी’ म्हटलं की खातं आठवतं. ‘कृषीवल’ अलिबागच्या दैनिकाच्या नावात टिकलाय तेवढाच.

वडगावकर
म्हणजे ‘ग्रामीण आघाडी’?

काळी माती
‘आघाडी’ म्हटलं की चार पक्षांची मोट. इथे पक्ष एकच आहे. पहिल्यांदा ‘मालाइसलीत्तो, म्हणजे ग्रामीण पक्ष’ असं लिहा, नंतर नुसतं ‘ग्रामीण पक्ष’. ‘लीत्तो’ म्हणजे लीग, संघ; तो अर्थ हवा तर एका वाक्यात सांगून टाका. आणि एक सापळा लक्षात ठेवा. १९६६ पासून फिनलंडमध्ये ‘ग्रामीण पक्ष’ याच अर्थाच्या नावाचा दुसराच पक्ष होता, यांच्यातूनच फुटलेल्या वेन्नामो या पुढाऱ्याचा. त्याच्या नावात ‘मासेउतु’ आहे, म्हणजे ग्रामीण भाग. त्याला ‘ग्रामभाग पक्ष’ किंवा सरळ ‘वेन्नामोचा पक्ष’ म्हणा, नाहीतर १९७० च्या परिच्छेदात वाचक हरवला म्हणून समजा.

निपाणीकर
बरं. मग ‘केस्कुस्ता’? पेपरवाले ‘मध्यममार्गी’ लिहितात.

रानवाट
‘मध्यममार्गी’ हा स्वभाव झाला. मध्यममार्ग बुद्धाचा; दोन्ही टोकं टाळायची, ताणायचं नाही. राजकारणात तो ‘जहाल’च्या उलट पडतो. केस्कुस्तातला मध्य ही जागा आहे : एका बाजूला कामगारांचा पक्ष, दुसऱ्या बाजूला शहरी भांडवलवाल्यांचा, मध्ये हे. जागा मधली म्हणून स्वभाव मवाळ असं काही नाही. दुधाच्या भावावरून सरकार पाडायलाही मधल्या जागेवरचाच पक्ष लागतो.

म्हणून मला साधा ‘मधला’ आवडतो. मधली गल्ली, मधला भाऊ. कुणालाही समजतो.

निपाणीकर
‘बांधावरचा पक्ष’ कसा वाटतो? बांध दोन रानांच्या मध्ये असतो, आणि शेतकऱ्याचा शब्द आहे.

काळी माती
ऐकायला झकास. पण ‘बांधावर’ हा आता पाहणी दौऱ्याचा शब्द झालाय, मंत्री बांधावर गेले वगैरे. शिवाय बांध म्हणजे भांडणाचं ठिकाण. ‘कुंपणावरचा’ तर शिवीच.

‘केस्कुस्ता’ची खरी गंमत पुढेच आहे. रोजच्या फिनिशमध्ये केस्कुस्ता म्हणजे शहराचा मध्यभाग. बसवर पाटी असते ती तीच. खेड्यात जन्मलेल्या पक्षानं घेतलेलं नाव आपल्या कानाला बेळगावच्या भर बाजारातल्या ‘मारुती गल्ली-गणपत गल्ली’सारखं ऐकू यावं, असा प्रकार. पक्षाला शहरात शिरायचं होतं हे खरं. हेलसिंकीत मात्र तो कायम दुबळाच राहिला.

वडगावकर
नाव बदलायचं कारण मी ‘आधुनिकीकरणामुळे’ असं एका शब्दात लिहिलंय. पुरेल?

काळी माती
त्या शब्दानं काहीच कळत नाही. क्रम असा मांडा.

१९१८ चा ‘तोरप्पारी’ कायदा. तोरप्पारी म्हणजे आपलं कूळ, पण फरक सांगा. आपलं कूळ खंड देतं, रोख किंवा धान्य. तोरप्पारी मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबून खंड फेडायचा, कधी स्वतःचा घोडा घेऊन. ‘वाटेकरी’ लिहिलंत तर चूक, कारण पिकात वाटणी नसते. ‘राबणुकीवरचं कूळ’ म्हणा. या कायद्यानं ती जमीन त्यांना विकत घेता आली. १९२२ चा कायदा भूमिहीनांसाठी होता आणि तो क्यॉस्ती कल्लियोच्या नावानं ओळखला जातो. हा ग्रामीण पक्षाचाच नेता, १९३७ साली राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्याकडची ‘कसेल त्याची जमीन’ किंवा कन्नड ‘उळुववने होलदोडेय’ ही घोषणा इथे लावू नका. तिकडे जमीन पैसे देऊन घ्यायची होती, आणि या पक्षाचा मतदार म्हणजेच नवा छोटा मालक.

मग दुसरं महायुद्ध. पूर्वेकडच्या कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत रशियाकडे गेला, ४ लाखांहून अधिक माणसं उठून आली. १९४५ च्या कायद्यानं त्यांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनी तोडून दिल्या. लहान लहान तुकडे, कित्येक जंगल साफ करून काढलेले. वीस वर्षांत ट्रॅक्टर आला, दूध-लोणी गरजेपेक्षा जास्त झालं आणि एवढ्याशा तुकड्यावर घर चालेना. पोरं हेलसिंकीला आणि स्वीडनच्या कारखान्यांत गेली. १९६९ साली सरकारनं रान न पेरण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. त्या रानाला लोक ‘पाकेत्तीपेल्तो’ म्हणाले, म्हणजे पुडक्यात बांधलेलं शेत. मराठीत ‘पड टाकलेलं रान’ हा शब्द तयार आहे, पण आपण पड टाकतो ते जमिनीला विसावा म्हणून किंवा माणूसबळ नाही म्हणून. इथे ‘पैसे घेऊन पड टाकलेलं’ असं पूर्ण लिहा.

मतदारच गाव सोडून चालला तर ‘ग्रामीण’ हे नाव ओझं होतं. स्वीडननं १९५७-५८ ला, नॉर्वेनं १९५९ ला ‘सेंटर’ नाव घेतलंच होतं. फिनलंड १९६५ ला त्याच वाटेनं गेला. आणि जे छोटे शेतकरी मागे राहिले त्यांना उचललं वेन्नामोनं. युद्धानंतर जमीन वाटपाचं खातं त्याच्याकडेच होतं. १९५९ ला तो ग्रामीण पक्षातून फुटला, १९७० ला त्याच्या पक्षानं १८ जागा काढल्या.

रानवाट
अण्णा, दोन मजेदार शब्द राहिले.

स्वीडनमध्ये १९३३ साली कामगारांचा पक्ष आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांचा करार झाला : शेतमालाला भावाचा आधार, त्या बदल्यात बेकारांच्या कामाला पाठिंबा. लोकांनी त्याला ‘कूहांदेल’ म्हटलं, शब्दशः गाईचा सौदा. मराठीत हात लगेच ‘घोडेबाजार’कडे जातो. तो टाळा. घोडेबाजारात आमदार विकला जातो आणि पैसा खिशात जातो. इथे दोन पक्षांनी धोरणाची अदलाबदल केली आणि ती उघड होती. ‘देवघेव’ मिळमिळीत. ‘बैलबाजारातला सौदा’ जवळचा, फक्त रुमालाखाली बोटं दाबायचा भाग सोडून.

दुसरा, ‘पुनामुल्ता’. १९३७ पासून फिनलंडमध्ये कामगार आणि ग्रामीण पक्षाच्या संयुक्त सरकारला हे नाव पडलं. पुना म्हणजे लाल, मुल्ता म्हणजे माती. लाल कामगारांचा, माती शेतकऱ्यांची. पण पुनामुल्ता हा खराच एक पदार्थ आहे, लाकडी घरांना आणि गोठ्यांना लावायचा तांबडा मातकट रंग. ‘तांबडी माती’ लिहिलंत तर आपल्याकडे कुस्तीचा आखाडा उभा राहील.

निपाणीकर
गेरू!

रानवाट
गेरूच. ‘गेरू सरकार’ म्हणा, आणि कंसात लाल अधिक माती.

निपाणीकर
आता शेवटचं. वाचकाला जवळचा दाखला द्यायचा तर शेकाप की कर्नाटकातलं देवेगौडांचं जनता दल, जेडीएस?

काळी माती
शेकाप नको. नावात शेतकरी आहे, सीमाप्रश्नात एन. डी. पाटलांमुळे आपल्याला जवळचाही आहे, पण १९५० च्या दाभाडी प्रबंधापासून तो मार्क्सवादी आहे. मध्यात बसत नाही. जेडीएस जास्त जवळ : डोक्यावर भाताची पेंढी घेतलेली बाई हे चिन्ह, शेतकऱ्यांचा पाया, आणि दोन मोठ्यांपैकी कुणाबरोबरही सरकार करायची तयारी. फरक एवढाच की तो एका घराण्याभोवती आणि मुख्यतः जुन्या म्हैसूरच्या बाजूला आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचं वजन कमीच.

दाखला देताना देवेगौडांची ‘मण्णिन मग’ ही पदवी ‘भूमिपुत्र’ अशी भाषांतरित करू नका. कन्नडमध्ये तो मातीत राबणाऱ्याचा पोर. मराठीत भूमिपुत्र म्हटलं की नोकऱ्यांतलं स्थानिकांचं आरक्षण येतं. बेळगावात तर त्या शब्दावरून वेगळंच भांडण लागेल. ‘मातीतला माणूस’ म्हणा.

वडगावकर
सुधारून लिहिलं :

“मालाइसलीत्तो, म्हणजे ग्रामीण पक्ष, १९०७ च्या निवडणुकीत २०० पैकी ९ जागांवर निवडून आला. १९६५ साली त्याने केस्कुस्तापुओलुए, म्हणजे मधला पक्ष, हे नाव घेतले. २०१५ साली त्याच्या ४९ जागा होत्या, २०२३ साली २३. चार पाकळ्यांचे हिरवे फूल हे त्याचे चिन्ह आहे.”

रानवाट
‘जागांवर निवडून आला’ नको, ‘जागा मिळाल्या’ करा. आणि ते फूल नाही, पान आहे. क्लोव्हर, आपल्या बरसीम चाऱ्याचं भावंड. नेहमी बेलासारखी तीन पानं असतात, चार असली तर शुभ मानतात.

वडगावकर
मग ‘चतुर्दल’ लिहू? बिल्वदलासारखं.

निपाणीकर
कर्नाटकात चतुर्दल? जनता दलाचे चार तुकडे झाले म्हणतील ओ. ‘चार पानांचा चारा’ लिहा.

रानवाट
‘चौपानी बरसीम’. चारा म्हटलं की छावणी आठवते.